कांदा वाळवायचं यंत्र घेताय? आधी वाळलेला कांदा घेणारा शोधा

उन्हाळी कांदा एप्रिल-मे महिन्यात शेतातून निघतो आणि सगळ्यांचा एकदमच निघतो. बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, भाव खाली येतो आणि ज्याच्याकडे चाळ नाही त्याला मिळेल त्या भावात माल द्यावा लागतो. अशा वेळी गावात कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतं. काचेखाली काळे ट्रे, त्यात कांद्याच्या चकत्या, आणि खाली लिहिलेलं असतं की कांदा फेकू नका, वाळवा, दहापट भावाने विका. बचत गटाच्या बैठकीत विषय निघतो. कर्ज काढून ड्रायर घ्यायचा का?

यंत्र खोटं नाही. उन्हावर चालणारा ड्रायर काम करतो, वीजबिल नसतं किंवा अगदी थोडं येतं, आणि वाळवणाचं काम बायकांना नव्याने शिकवावं लागत नाही. कुरडया, पापड, सांडगे, वाळवलेली गवार हे घराघरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. तरीही कितीतरी ठिकाणी असे ड्रायर दुसऱ्या वर्षी गोणपाट टाकून कोपऱ्यात उभे असतात. यंत्र बंद पडलेलं नसतं, त्यातून निघालेला माल घरात पडून असतो.

ड्रायर नेमकं काय करतो

कांद्यात शंभरातले 86 ते 88 भाग पाणीच असतं. टोमॅटोत तर 94-95. हे पाणी काढून टाकलं की बुरशी आणि जंतूंना वाढायला ओल मिळत नाही आणि माल महिनोन्‌महिने टिकतो. कांद्याच्या चकत्या विकण्यालायक व्हायच्या तर ओल साधारण 5 ते 7 टक्क्यांवर आणावी लागते. हातात घेतल्यावर चकती वाकता कामा नये, कट्‌कन मोडली पाहिजे.

गच्चीवर साडी पसरून वाळवलं तरी पाणी निघतंच. पण त्यात धूळ बसते, माश्या बसतात, रंग उडतो आणि दिवस जास्त लागतात. घरच्या वापराला ते चालून जातं. मसाल्याचा कारखाना किंवा सूप बनवणारी कंपनी तो माल घेत नाही. बंद ड्रायरमध्ये काच किंवा पारदर्शक पत्र्यातून ऊन आत जातं, काळा पृष्ठभाग तापतो, आतली हवा 55-60 अंशांपर्यंत गरम होते आणि दमट हवा वरून किंवा पंख्याने बाहेर पडते. काही ड्रायरमध्ये माल थेट काळ्या धातूच्या पत्र्यावर पसरतात. त्यामुळे वरून उन्हाची आणि खालून तापलेल्या पत्र्याची अशी दोन्ही बाजूंनी उष्णता मिळते आणि माल लवकर वाळतो.

उष्णता जास्त झाली तरी नुकसान होतं, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही. सुरुवातीलाच फार तापलं की चकतीची वरची कड कडक होते आणि आतली ओल आतच अडकते. वरून वाळलेली दिसणारी चकती पंधरा दिवसांनी पिशवीत मऊ पडते. शिवाय वाळलेला कांदा हवेतली ओल परत ओढून घेतो. म्हणून संध्याकाळी ट्रे काढले की माल निववून त्याच वेळी हवाबंद पिशवीत भरायचा, सकाळवर ठेवायचा नाही.

हिशेब कागदावर मांडून बघा

शंभर किलो कांदा घेतला. साल, देठ आणि मुळाकडचा भाग काढला की साधारण 90 किलो उरतो. तो वाळवल्यावर हाती येतो दहा किलोच्या आसपास, कधी किलोभर जास्त. म्हणजे एक किलो चकत्यांना जवळपास दहा किलो कांदा. “दहापट भाव” या जाहिरातीतला निम्मा अर्थ इथेच संपतो, कारण माल आधीच दहा भागांचा एक भाग झालेला असतो.

आता समजा कांदा 12 रुपये किलो आहे. शंभर किलोचे 1,200 रुपये. सोलायला आणि कापायला दोन बायकांची दिवसभराची मजुरी 300 प्रमाणे 600 रुपये. पिशव्या आणि वाहतूक 100 रुपये धरू. झाले 1,900. दहा किलो माल, म्हणजे किलोला 190 रुपये घरातच पडले.

यात कर्जाचा हप्ता अजून धरलेला नाही. समजा हप्ता महिन्याला 3,000 रुपये आहे. ड्रायरमध्ये दिवसाला शंभर किलो कांदा मावतो आणि महिन्यात वीस दिवस तो भरतो, म्हणजे महिन्याला 200 किलो चकत्या. पण जून ते सप्टेंबर हे चार महिने ढगांचे, ड्रायर जवळपास बंद. हप्ता मात्र बारा महिने. वर्षाचे 36,000 रुपये आठ महिन्यांतल्या 1,600 किलोवर पसरले की किलोला साडेबावीस रुपये. एकूण 212 रुपयांच्या वर. याच्यापुढे जे मिळेल तो नफा.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक गावाचे वेगळे येतील. पण त्यातल्या एका आकड्याशी खेळून बघा. कांदा 5 रुपयांवर आला तर तोच माल 142 रुपयांत पडतो. कांदा 25 वर गेला तर 342 रुपये लागतात. म्हणजे ड्रायर खरा कामाला येतो तो भाव पडल्यावर, आणि भाव वर गेला की कांदा कच्चाच विकलेला बरा. त्या दिवसांत ड्रायरमध्ये दुसरं काय टाकायचं, आलं, हळद, मेथी, शेवगा, टोमॅटो, हे आधी ठरवलं नाही तर हप्ता खिशातून जातो.

चाळ पसरली, ड्रायर का अडला?

कांदाचाळ नाशिकपासून मराठवाड्यापर्यंत गावोगाव दिसते. ती का पसरली? एक तर गावचा मिस्त्री ती बांधू शकतो. अनुदान मिळतं. पण त्याहून मोठं कारण असं, की चाळीत कांदा ठेवला आणि चार महिन्यांनी काढला तरी तो कांदाच असतो. तीच बाजार समिती, तोच आडत्या, तोच लिलाव. नवं गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

ड्रायरमध्ये कांदा घातला की बाहेर वेगळीच वस्तू येते. तिला बाजार समितीत लिलाव नाही. आडत्याला तिचं काही देणंघेणं नाही. तिचं गिऱ्हाईक म्हणजे मसाला कंपनी, नमकीनवाला, हॉटेल, सूपच्या पुड्या बनवणारा किंवा निर्यातदार, आणि हे लोक आठवडे बाजारात येत नाहीत. त्यांना एका प्रतीचा माल टनांत आणि ठरलेल्या तारखेला लागतो. दहा बायकांच्या गटाने आठवड्यात केलेला पन्नास किलो माल त्यांच्यासाठी नमुन्याएवढाच.

स्पर्धाही काही कमी नाही. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातलं महुवा हे कांदा निर्जलीकरणाच्या कारखान्यांचं मोठं केंद्र आहे. तिथे मुख्यतः पांढरा कांदा वापरतात, कारण वाळल्यावर त्याचा रंग स्वच्छ राहतो. आपल्याकडे जळगावात जैन उद्योगसमूह पांढऱ्या कांद्याची करार शेती करून घेतो. वाळवण्यासाठी निवडलेली जात आणि आधी ठरलेला किमान दर हे त्या कराराचे मुख्य भाग आहेत. वाळवणाचा कांदा निवडताना त्यात पाणी कमी आणि घन भाग जास्त आहे ना ते बघतात, कारण त्यावरच दहा किलोला एक किलो निघणार की सात-आठ किलोला एक, हे ठरतं. घरचा लाल कांदा वाळवून थेट या मालाशी टक्कर घ्यायची म्हटलं तर अवघड आहे. लाल कांद्याला मसाला, चटणी आणि तळलेल्या कांद्याचं गिऱ्हाईक वेगळं शोधावं लागतं.

मराठवाड्यातून निघालेलं एक उत्तर

अंबाजोगाईचे वैभव तिडके आणि मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतले, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या यूडीसीटीतले, त्यांचे सोबती यांनी उन्हावर चालणारा, धातूच्या पत्र्यातून उष्णता देणारा ड्रायर तयार केला. 2013 मध्ये या कल्पनेला परदेशात बक्षिसंही मिळाली. पण बक्षीस मिळालं म्हणून यंत्र खपत नाही. यंत्र घेणाऱ्या शेतकऱ्याचा पुढचा प्रश्न एकच असतो: हे वाळवलेलं मी विकू कुठे?

त्यांच्या एस फॉर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीने पुढे रचनाच वेगळी केली. छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या भागात गावातल्या बाईने बँकेच्या कर्जावर ड्रायर घ्यायचा, कंपनीने कच्चा माल आणि प्रशिक्षण द्यायचं, आणि वाळवलेला माल कंपनीनेच परत घेऊन खाद्य कंपन्या, हॉटेल, कँटीन अशा मोठ्या गिऱ्हाइकांना विकायचा. हजारो किलोचा सौदा कंपनी करते आणि त्यातला एकेक भाग एकेका अंगणात वाळतो. 2023 साली याच कंपनीला कचरामुक्त जगासाठीचं दहा लाख पौंडांचं अर्थशॉट पारितोषिक मिळालं.

यंत्र आधीही होतं. नवं काय आलं तर माल घेणारा आला आणि तो आल्यावर बँकेलाही हप्त्याची खात्री वाटू लागली. बाईच्या हातात महिन्याला काय येणार हे आधी सांगता येऊ लागलं.

या रचनेत एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. कच्चा माल देणारा, दर ठरवणारा आणि माल घेणारा एकच असेल तर सगळी दोरी त्याच्या हातात राहते. एखाद्या हंगामात त्याने कमी माल दिला किंवा प्रत नापास केली, तर हप्ता बाईच्याच नावावर असतो. म्हणून करार कुणाशीही असो, तीन ओळी कागदावर हव्यातच: महिन्याला किमान किती काम देणार, नापास मालाचं काय करणार, आणि पैसे किती दिवसांत देणार.

बांगलादेशचा पायपंप

स्वस्त यंत्र बाजारात कसं न्यायचं याचा सगळ्यात गाजलेला धडा आपल्याकडचा नाही, बांगलादेशचा आहे. रंगपूर भागात 1980 च्या सुमारास गुन्नार बार्न्स या नॉर्वेजियन अभियंत्याने पायाने चालवायचा पंप बनवला. दोन नळकांडी आणि दोन बांबू. जिन्यावर चढल्यासारखे पाय मारत राहायचं, पाणी वर येतं. डिझेल लागत नाही, वीजही नाही. अर्ध्या-एक एकराच्या शेतकऱ्याला कोरड्या दिवसांत भाजीपाला आणि भात घेण्याएवढं पाणी त्यातून मिळायचं.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ पॉल पोलॅक यांच्या आयडीई संस्थेने हा पंप फुकट वाटला नाही. गावाजवळच्या 75 च्या आसपास छोट्या कारखान्यांकडून तो बनवून घेतला, दोन-तीन हजार गावठाणी दुकानदारांना कमिशनवर विकायला दिला आणि बोअर मारणाऱ्या कारागिरांना शिकवलं. जाहिरातीसाठी गाणी, नाटकं आणि उघड्यावर दाखवायचा सिनेमाही केला. पंप तुटला तर दुरुस्त करणारा शेजारच्याच गावात होता, आणि विकणाऱ्यालाही चार पैसे सुटत होते म्हणून तो विकत राहिला. सुमारे बारा वर्षांत 15 लाखांच्या आसपास पंप खपले.

हा पंप महाराष्ट्रात का दिसत नाही? कारण तो ओढून पाणी काढतो आणि सात मीटरपेक्षा खालचं पाणी असं ओढून वर येत नाही. बांगलादेश, उत्तर बंगाल, बिहारमध्ये पाणी वरच लागतं. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात कुठं जातं हे सांगायला नको. दुसरीकडे गाजलेलं यंत्र इथे आणण्याआधी ते कुठल्या पाण्यावर, कुठल्या मातीत, कुठल्या उन्हात गाजलं ते विचारायचं असतं.

आपल्या शेजारच्या निमाडात, मध्य प्रदेशाच्या बाजूला, असंच एक यंत्र तर कुणीच विकायला आणलं नव्हतं. कापसाला ठिबक करायचं, पण नळ्यांचा खर्च झेपत नाही. शेतकऱ्यांनी मुलं खातात त्या “पेप्सी”च्या, म्हणजे बर्फाच्या कांडीच्या, पातळ प्लास्टिकच्या नळ्या सलग आणल्या, त्यांना भोकं पाडली आणि ओळीने अंथरल्या. नळी कशीबशी एखादा हंगाम टिकायची. पण एका हंगामात पैसे निघाले की पुढच्या वर्षी चांगलं ठिबक घेता यायचं. ती नळी किराणा बाजारात आधीच होती आणि कापूसही आधीच्याच बाजारात जाणार होता, म्हणून ती पसरायला कुणाची परवानगी लागली नाही.

कर्ज आणि अनुदान: कुठे फसगत होते

ड्रायर, पल्व्हरायझर, पॅकिंग मशीन अशा गोष्टींसाठी गावात सध्या ज्या योजनेचं नाव सर्वांत जास्त घेतलं जातं ती प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना, पीएमएफएमई, 2020 मध्ये सुरू झाली. वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान. स्वतःचा हिस्सा किमान 10 टक्के, बाकी बँक कर्ज. अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटाला प्रत्येक सदस्यामागे 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवलाचीही तरतूद आहे. अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करते आणि तिचा नंबर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मिळतो. योजनेची मुदत आणि शिल्लक निधी तिथेच विचारून घ्यावा.

फसगत इथे होते. दोन लाखांचं यंत्र असेल तर लोक समजतात 70,000 सरकार देणार, म्हणजे आपल्याला एक लाख तीस हजारच उभे करायचे आहेत. तसं नसतं. आधी 20,000 स्वतःचे आणि 1,80,000 कर्ज असतं. अनुदानाची रक्कम बँकेत वेगळी ठेवली जाते, आणि तीन वर्षं खातं नियमित राहून उद्योग चालू असेल तरच ती कर्जात वळती होते. दुसऱ्या वर्षी ड्रायर गोणपाटाखाली गेला आणि हप्ते थकले, तर अनुदानही गेलं आणि बँकेची नोटीस मात्र आली. बचत गटात तर एकीचा हप्ता थकला की बाकीच्या नऊजणींच्या घरातही भांडण येतं.

“अनुदान आहे म्हणून घेऊन टाकू” असं म्हणणारा बहुतेक वेळा यंत्र विकणारा असतो, हेही लक्षात असू द्यावं. 35 टक्के अनुदान मिळणार म्हटलं की कोटेशनही तेवढंच फुगतं. त्याच क्षमतेच्या यंत्राचे दोन-तीन ठिकाणचे दर मागवल्याशिवाय बँकेत जाऊ नये.

बिघडलं तर येणार कोण?

सौर कृषी पंपाच्या सरकारी योजनेत पुरवठादाराला पाच वर्षं देखभाल करावी लागते, ते करारातच असतं. ड्रायर खरेदीत असं आपोआप काही नसतं, मागून घ्यावं लागतं. यंत्र तसं साधं आहे. काचेवर धूळ बसली तर आतली उष्णता कमी होते, म्हणून ती रोज पुसायची. स्वस्त प्लास्टिकचा पत्रा उन्हाने दोन-चार वर्षांत पिवळा पडतो आणि ऊन आत येईनासं होतं. ट्रे स्टेनलेस स्टीलचे नसतील तर कांद्याच्या रसाने गंजतात, आणि गंज लागलेल्या ट्रेवरचा माल कुठलीही खाद्य कंपनी घेत नाही.

यातलं बरंचसं काम तालुक्याच्या ठिकाणचा फॅब्रिकेशनवाला करू शकतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विचाराने, की गावातल्या पोरांना वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम हातांनी करता आलं तर यंत्रासाठी शहराकडे तोंड करून बसावं लागणार नाही. ड्रायर बनवणारा दोनशे किलोमीटरवर आणि फोन उचलत नाही, त्यापेक्षा थोडा कमी दिखाऊ पण तालुक्यात बनलेला आणि तालुक्यातच दुरुस्त होणारा ड्रायर परवडतो.

गटाने सुरुवात कुठून करावी

कोटेशन मागवण्याआधी वीस किलो कांदा घ्यायचा. जवळचं कृषी विज्ञान केंद्र, कृषी महाविद्यालय किंवा ज्याच्याकडे ड्रायर आहे असा ओळखीचा उद्योजक यांच्याकडे विनंती करून तो वाळवून घ्यायचा. दोन किलोच्या आसपास माल येईल. त्याच्या पावपाव किलोच्या पिशव्या करून तालुक्यातल्या आणि जिल्ह्यातल्या मसालेवाल्यांना, फरसाणवाल्यांना, दोन-तीन ढाब्यांना नेऊन द्यायच्या. एक पिशवी महिनाभर घरात ठेवून बघायची, मऊ पडते का.

त्यांना दर विचारायचा आणि सोबत हेही विचारायचं की महिन्याला किती लागेल, पैसे किती दिवसांनी देणार, आणि अन्न सुरक्षा नोंदणी नसेल तर चालेल का. नाही चालणार, असंच उत्तर येईल. छोट्या उद्योगाची ती नोंदणी ऑनलाइन होते आणि तिचा खर्च फार नाही.

एकाने तरी “महिन्याला पन्नास किलो पाठवा” असं म्हटलं आणि त्याने सांगितलेला दर घरच्या हिशेबापेक्षा वर निघाला, की मग बँकेची पायरी चढायची. हप्ते ऑक्टोबर ते मे मोठे आणि पावसाळ्यात छोटे ठेवता येतील का, हे शाखाधिकाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारायचं. कर्ज मंजूर झाल्यावर ते विचारून उपयोग नसतो.